कृषी मंडळाची नोंदवही

स्मरणिकेसाठी जुने फोटो पाठवा, असे आवाहन संपादक मंडळाने केले आणि आपल्या १९९६ च्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंची रीघ लागली. गॅदरिंगमधले नाच, रायगडची सहल, निरोप समारंभाला पहिल्यांदा नेसलेल्या साड्या. त्यातच एका वर्गमित्राने एका वहीच्या पानाचा फोटो टाकला. शाळेच्या अडगळीच्या खोलीत सापडलेली, कडा वाळवीने खाल्लेली वही. पानावर पट्टीने आखलेले रकाने: तारीख, पक्षी, खाद्य, अंडी, मर, शेरा. खाली त्याने विचारले होते, "हे अक्षर कुणाचं? ओळखा पाहू."

अक्षर माझे होते. पाहताक्षणीच ओळखले. पण ग्रुपवर तसे लिहायला मला दोन दिवस लागले. कारण त्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ आहे आणि ती खोटी आहे. त्या ओळीपर्यंत मी येणारच आहे. त्याआधी ही वही कशाची, हे सांगायला हवे. आपल्यापैकी अनेकांनी शाळेमागची ती शेड कधी आतून पाहिली नाही, आणि आपल्यानंतर आलेल्या मुलांना तर ती होती हेही माहीत नाही. शाळेचा इतिहास लिहिताना इमारत, निकाल, मुख्याध्यापकांची यादी, बक्षिसे असे सगळे येते. कोंबड्या येत नाहीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. इतिहास हा माझ्यासाठी दहावीत गुण मिळवण्यापुरता विषय होता. पण त्या फोटोनंतर मिळेल ते वाचत गेले, आणि लक्षात आले की आपल्या शेडमधल्या साठ पिलांमागे बराच मोठा इतिहास आहे.

पळस्पे म्हटले की बाहेरच्या माणसाला फाटा आठवतो. मुंबईहून पुण्याला जाणारा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता इथे वेगळे होतात. गोव्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण आणि त्यापुढे कर्नाळ्याचा सुळका. आपल्या लहानपणी फाट्यावर ढाबे, पंक्चरवाले, रसाची गुऱ्हाळे आणि रस्ता सोडून आत वळले की भाताची खाचरे. भात आला की कोंडा आणि कणी आली, आणि ज्या घरात कोंडा-कणी त्या घरात कोंबड्या.

आमच्या पडवीत आजीचे खुराडे होते. दहा-बारा गावठी कोंबड्या, त्यांचा हिशेब आजीच्या डोक्यात. भाताचा हिशेब आजोबांकडे, कोंबड्यांचा तिच्याकडे. अंड्यांचे पैसे तिच्या कमरेच्या पिशवीत जात आणि त्यातून तिच्या बांगड्या, माहेरच्या लग्नाचा आहेर, आम्हा नातवंडांच्या वह्या निघत. त्या पैशांना घरातल्या पुरुषाने हात लावायचा नाही, हा कुणी न सांगितलेला नियम होता. आषाढात गटारी जवळ आली की मुंबईचे गिऱ्हाईक गाडी फाट्यावर उभी करून गावठी कोंबडा शोधत आत येई. एरवी मवाळ असणारी आजी तेव्हा भावात एक रुपया कमी करत नसे.

गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. मधे ती खुडूक बसते, एकवीस दिवस अंडी उबवते, मग पिले पंखाखाली घेऊन हिंडते, आणि तेवढे दिवस अंडी बंद. आजीला त्यात काही खोट वाटत नव्हती. कोंबडी आई झाली तर तिने अंडी कशी द्यावीत?

आपण आठवीत होतो तेव्हाची, म्हणजे १९९३ ची गोष्ट. कार्यानुभवाच्या तासाला आपण खडू करायचो, कागदी फुले करायचो. विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी त्या वर्षी सांगितले की ज्यांना हवे त्यांच्यासाठी कृषी मंडळ सुरू करतो. सहा जणांनी नावे दिली. चार मुली, दोन मुलगे. नियम साधे होते. प्रत्येकाला दहा पिले मिळणार, त्यांच्या पायात आपापल्या रंगाचे कडे. खाद्याचा खर्च उधार. कोंबड्या अंडी देऊ लागल्या की उधारी फेडायची, उरलेले पैसे ज्याचे त्याचे. वर्षाअखेरीस तालुक्याच्या प्रदर्शनात पक्षी न्यायचे. आणि रोजची नोंद झालीच पाहिजे. माझे अक्षर बरे म्हणून वही माझ्याकडे आली. सर म्हणाले, "जगलं ते लिहाल, तसंच मेलं तेही लिहायचं. काही लपवायचं नाही."

घरी सांगितले तेव्हा आजी हसली. "शालंन कोंबऱ्या राखाला शिकवतान?"

आजीच्या हसण्यात तथ्य होते. पण शाळेने हे शिकवावे ही मागणी आपल्याकडे फार जुनी आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत शेतीचे धडे असावेत आणि त्यांना लहानशी नमुना शेती जोडलेली असावी, असे सुचवले होते. सरकारने ते तेव्हा मनावर घेतले नाही.

अमेरिकेत ही गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. १९०२ मध्ये ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम या शिक्षकाने शेतकऱ्यांच्या मुलामुलींचे मंडळ काढले. तिथली कृषी महाविद्यालये नवे बियाणे, नव्या पद्धती सांगत, पण मोठ्या शेतकऱ्यांना ते पटत नसे. मुलाने आपल्या वाट्याच्या तुकड्यात मका पिकवून दाखवला की मात्र बापाला पटे. मुलग्यांची मक्याची मंडळे निघाली, आणि १९१० मध्ये दक्षिण कॅरोलिनात मरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींसाठी टोमॅटो मंडळ काढले. मुली टोमॅटो पिकवत, डबाबंद करत आणि विकून आलेला पैसा स्वतःकडे ठेवत. पुढे कोंबड्यांचीही मंडळे झाली. यातूनच 'फोर-एच' ही चळवळ उभी राहिली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे तिच्या चार पानी बोधचिन्हावर आहेत. इंग्लंडमध्ये १९२१ साली डेव्हनमधल्या हेमयॉक गावात मुलांना वासरे सांभाळायला देऊन तरुण शेतकऱ्यांचे पहिले मंडळ निघाले. या सगळ्यांची पद्धत एकच: मुलाच्या हाती एक जिवंत जबाबदारी द्यायची, नोंद ठेवायला लावायची आणि वर्षाअखेरीस चारचौघांत दाखवायला लावायची. फोर-एचच्या मुलांचे मूल्यमापन करताना त्यांची नोंदवहीही पाहतात.

आपल्याकडे १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताने काम करता करता शिकायचे, ही तिची मुख्य कल्पना. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या सामुदायिक विकास कार्यक्रमात गावोगावी युवक मंडळे काढण्याचे प्रयत्न झाले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली, आणि १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची. आपल्या वेळापत्रकातला तो तास आला तो असा. पण बहुतेक शाळांत तो खडू आणि कागदी फुलांवरच थांबला.

तो तास मनापासून घेणारा माणूस महाराष्ट्रातच होता. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, कोंबड्या, स्वयंपाक आणि आरोग्य असे सगळे प्रत्यक्ष करून शिकत, आणि तेही नेहमीच्या शाळेतच. गावाला लागणाऱ्या सेवा मुलांनी द्यायच्या, त्यांचे पैसे घ्यायचे आणि त्यातून विज्ञान समजून घ्यायचे. सरांना कल्पना पाबळवरून सुचली, की स्वतःच्या डोक्यातून आली, हे मी कधी विचारले नाही. आता सर नाहीत.

जानेवारी १९९४ मध्ये भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून साठ पिले आली. शासकीय अंडी उबवणी केंद्रातली, र्‍होड आयलंड रेड जातीची. ही जात अमेरिकेतल्या एका चिमुकल्या राज्याच्या नावाची असली तरी तिच्या पूर्वजांत आशियातून गेलेले लाल मलाय कोंबडे आहेत. म्हणजे एका अर्थी ती आपल्या भागात परतच आली होती. गावठीपेक्षा दुपटीहून जास्त अंडी, अंड्याचे कवच तपकिरी, आणि अंगाने काटक, म्हणून सरकारी योजनांत ती लोकप्रिय होती.

पिलांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश उष्णता लागते, नंतर दर आठवड्याला थोडी कमी करत न्यायची. आमच्याकडे थर्मामीटर नव्हता. पत्र्याच्या गोल कड्यात भाताचे तूस पसरून वर बल्ब टांगला होता. सरांनी सांगितले, पिलांकडेच बघा. बल्बखाली गोळा होऊन किलबिलाट करत असतील तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडते आहे, वर घ्या. सगळीकडे सारखी पसरून निवांत असतील तर ठीक. एका रात्री लाईट गेली तेव्हा आजी स्वतः कंदील घेऊन माझ्याबरोबर शाळेत आली. तिने गोणपाट दुहेरी करून कड्यावर टाकला, कडेला फट ठेवली आणि म्हणाली, "यांची आय नाय ना, मंग आपून." त्यानंतर ती कधी हसली नाही.

आता त्या ओळीकडे येते.

गावोगावी कोंबड्यांची जी मोठी मर येते तिला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. पक्षी घरघर करतो, हिरवी हगवण लागते, पाय लुळे पडतात, मान पिळवटून मागे वळते. आजीच्या पिढीने तो गावदेवीचा कोप मानला. हा रोग शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदवला तो १९२६ मध्ये, जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला. पुढच्याच वर्षी तो कुमाऊँमधल्या रानीखेतला आढळला, म्हणून जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात आणि आपण रानीखेत. त्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सुमारे आठव्या आठवड्यात आरटूबी नावाचे इंजेक्शन. ही आरटूबी मुक्तेश्वरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेल्या वाणाची. रानीखेतपासून काही तासांच्या अंतरावरच्या डोंगरात त्या रोगाची लस बनली, हे वाचून मला बरे वाटले. पण या लशीत जिवंत विषाणू असतो. तिला थंड ठेवावे लागते, नाहीतर ती निकामी होते.

मार्चमध्ये आरटूबीची वेळ आली. पनवेलच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणायचे काम माझ्याकडे होते. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात कुपी. सरांनी एसटीच्या भाड्याशिवाय वर दोन रुपये दिले होते. गाडीला उशीर झाला तर स्टँडवर पुन्हा बर्फ घे म्हणून. गाडीला उशीर झाला. दुपारचे ऊन, पनवेलचा स्टँड, आणि समोर घुंगरू वाजवणारे रसाचे गुऱ्हाळ. त्या दोन रुपयांचा मी उसाचा रस प्यायले. पळस्प्याला उतरून झाकण उघडले तेव्हा आत कोमट पाणी होते आणि त्यात कुपी तरंगत होती. मी पाणी ओतून टाकले. सरांनी विचारले, "बर्फ होता ना?" मी हो म्हटले. संध्याकाळी सगळ्या पक्ष्यांना टोचून झाल्यावर वहीत लिहिले: "रानीखेत लस दिली. लस बर्फात आणली, बर्फ शाबूत."

ती ही ओळ.

एप्रिलमध्ये गावात मानमोडी आली आणि तीन आठवड्यांत शेडमध्ये शिरली. तोवर जगलेल्या ५५ पक्ष्यांपैकी २१ उरले. 'मर' या रकान्यातले आकडे माझ्या अक्षरात आहेत: दोन, पाच, सात, चार. ती कुपी उन्हाने बिघडलीच नसती तर किती वाचले असते, याचे गणित मी आयुष्यात अनेकदा मांडले आहे. माझे चार वाचले. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे सगळे, नऊच्या नऊ, गेले. तिच्या आईने त्या अंड्यांच्या पैशांवर काही बेत केले होते. ती रडली नाही. सुट्टी लागली तरी रोज सकाळी येऊन शेड झाडत राहिली, चुना मारत राहिली. त्या शेडमध्ये तिचा एकही पक्षी नव्हता. सरांनी मग उरलेले पक्षी सगळ्यांचे सामाईक केले.

जूनमध्ये पहिले अंडे मिळाले. पावसाळाभर आम्ही गावात आणि फाट्यावरच्या ढाब्यांना अंडी विकली. दिवाळीपर्यंत खाद्याची उधारी फिटली. वाटणीचे पैसे आजीला दिले तेव्हा ती ते घेईना. म्हणाली, ते तुझे, तूच राख. मला मात्र त्या पैशांकडे बघवत नव्हते.

जानेवारी १९९५ मध्ये प्रदर्शन आले. दोन कोंबड्या न्यायच्या होत्या. माझ्या मते निवड सोपी होती. एक कोंबडी दिसायला राणी होती. पिसे महोगनीसारखी लाल, शेपटीत काळी झाक, पाय हळदीसारखे पिवळेधमक. मैत्रिणीने दुसरी उचलली. पिसे झिजलेली, चोच फिकी, पाय तर पांढुरके. मी म्हटले, "ही न्यायची? लोक हसतील." ती म्हणाली, "हीच रोज अंडं देते. मी बघते ना." सरांनी दोन्ही घ्यायला सांगितल्या.

कोंबड्यांच्या प्रदर्शनांचाही इतिहास गमतीदार आहे. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८४५ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मोठे प्रदर्शन भरले. झुंज लावायची नाही तर निदान कोंबडा दाखवायचा! चीनमधून आलेल्या मोठ्या, पिसारेदार कोंबड्या व्हिक्टोरिया राणीने पाळल्या आणि श्रीमंतांना वेडच लागले. १८४९ मध्ये बोस्टनला प्रदर्शन झाले, तिथे तर लोटच्या लोट आले. चीनमधूनच आलेल्या एका जातीला आपल्या ब्रह्मपुत्रेवरून 'ब्रह्मा' असे नाव मिळाले. तुरा कसा, पिसाची कडा कशी, डोळ्याचा रंग कोणता, याचे नियम ठरले. अमेरिकेत १८७४ मध्ये तसे पुस्तकच निघाले. म्हणजे सुरुवातीला बक्षीस रूपाला होते. विसाव्या शतकात अंड्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि परीक्षकांना दिसण्याबरोबर कामही पाहावे लागले.

काम कसे पाहायचे, ते त्या दिवशी डॉक्टरांनी आमच्यासमोर करून दाखवले. पिवळ्या पायांच्या जातीत कोंबडी अंडी देऊ लागली की तिच्या अंगातला पिवळा रंग बलकात जातो. आधी शेपटीखालचा, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा आणि सर्वांत शेवटी पायांचा. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परत येतो. त्यांनी माझी राणी उलटी धरली, ओटीपोटाच्या दोन हाडांमध्ये बोटे घालून पाहिली. जेमतेम एक बोट मावले. "ही खाते, पण देत नाही." मग मैत्रिणीची कोंबडी घेतली. तीन बोटे मावली. हाडे मऊ, पोट भरदार, पाय पांढरे. "हिनं आपला रंग अंड्यांत घातलाय," ते म्हणाले. दुसरे बक्षीस तिला मिळाले.

मग त्यांनी वही मागितली. पाने चाळली, रकाने पाहिले, मान डोलावली. एप्रिलच्या पानावर थांबले, पुन्हा मार्चवर गेले. "लस वेळेवर दिली आहे, बर्फही होता. तरी एवढी मर?" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिले. सरच म्हणाले, "उन्हाळा फार होता, साहेब." डॉक्टरांनी वही मिटून परत दिली आणि नोंद छान ठेवली म्हणून माझी पाठ थोपटली. आयुष्यात मला पुढे काही शाबासक्या मिळाल्या. ही एक मला परत करायची होती.

आपण दहावी होऊन गेलो, आणि दोन वर्षांत मंडळ बंद पडले. त्यात कुणाचा दोष नाही. काळच बदलला होता. १९७१ मध्ये हैदराबादला डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी पांढरी संकरित कोंबडी देशभर पोचली. ती खुडूक बसत नाही. अंड्यांचे भाव कोसळून शेतकरी बुडू लागले तेव्हा रावांनीच त्यांना एकत्र आणले आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. आपण टीव्हीवर अंड्यांच्या ज्या जाहिराती पाहायचो त्या तिच्याच. यातून अंडे गरिबाच्या ताटात आले, हे नाकारता येणार नाही. पण आजीच्या कमरेच्या पिशवीत जाणारा पैसा आटला, हेही खरे. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर फाट्यावर कंटेनरची रांग लागू लागली. खाचरांवर गोदामे आली. कोंडाच उरला नाही, तर कोंबड्या कुठून राहणार?

फेब्रुवारी २००६ मध्ये मी पुण्यात नोकरीला होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितले. देशातला पहिलाच. काही लाख पक्षी मारून पुरावे लागले. आमच्या कँटीनमधून अंडी गायब झाली, भाव मातीमोल झाले, आणि नवापूरपासून कितीतरी दूरचे शेडवालेही बुडाले. बातम्या वाचताना एका वाक्याशी मी अडखळले: सुरुवातीची मर पाहून ती रानीखेतची असावी असेच अनेकांना वाटले होते. मला मार्च १९९४ आठवला. एवढी मोठी यंत्रणा, प्रयोगशाळा, पांढऱ्या पोशाखातली पथके, आणि हे सारे अवलंबून कशावर? कुठल्या तरी शेडमध्ये कुणी तरी पहिल्या दिवशी 'मर' या रकान्यात काय लिहिले, त्यावर. तिथे खोटे लिहिले तर पुढचे सगळे हिशेब बरोबर असूनही चुकतात. माझ्या व्यवसायातही रोज तेच पाहते. पण शिकले ते तिथे नाही, पळस्प्याच्या शेडमध्ये. आणि तेही चुकून.

हा लेख लिहिण्याआधी मी त्या मैत्रिणीला फोन केला. तिने नाव घालू नको म्हटले म्हणून घातलेले नाही. तीस वर्षांनी तिला सगळे सांगितले: स्टँड, दोन रुपये, रस, ती ओळ. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माहीत आहे गं मला. थर्मास मीच धुतला होता. आत गार काहीच नव्हतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"सरांनी वही तुझ्याकडून काढून घेतली असती. अक्षर तुझंच चांगलं होतं." आणि मग हसून, "रस गोड होता का तरी?"

मेळाव्याला ती येणार आहे. तिच्या आईला त्या वर्षी जे घ्यायचे होते ते घेता आले नाही, हे तिने मला तेव्हा सांगितले नव्हते. परवा सांगितले.

संपादक मंडळाला माझी एक विनंती आहे. ती वही वाळवीच्या तोंडी न देता शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी, बक्षिसांच्या कपाटात जागा असेल तर तिथेच. आणि तिच्यात एक चिठ्ठी जोडावी. मजकूर असा:

शुद्धिपत्र. मार्च १९९४ च्या पानावर "बर्फ शाबूत" असे लिहिले आहे, त्याऐवजी "बर्फ वितळला होता" असे वाचावे. नोंद ठेवणारीने ही दुरुस्ती केली आहे.